चमकणारी पूड आणि लपलेले ठसे: कार्बन डॉट्सपासून फोटोपर्यंत

स्टीलच्या पेल्यावरचा बोटाचा ठसा काढायला नॅनो-बिनो काही लागत नाही. काळी पावडर, मऊ ब्रश आणि टेप असली की काम भागतं. अडतं ते बिस्किटाच्या रंगीबेरंगी पुड्यावर, गुटख्याच्या चकचकीत पाकिटावर, मासिकाच्या गुळगुळीत मुखपृष्ठावर. तिथे काळी पावडर काळ्या छपाईत हरवते आणि पांढरी पांढऱ्या अक्षरांत. ठसा उमटलेला असतो, पण दिसत नाही. अशा पृष्ठभागांसाठी स्वतः प्रकाश देणारी पूड वापरतात. विशिष्ट दिव्याखाली पूड चमकते, मागची छपाई अंधारात राहते आणि रेषा उठून दिसतात.

सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या एम.एस्सी. प्रकल्पासाठी हा विषय आता बरेच जण घेतात, कारण साहित्य स्वस्त आहे आणि पहिली चमक एका दुपारी दिसते. पण बाटलीतलं द्रावण चमकलं म्हणजे ठसा मिळाला असं नाही. ठसा मिळतो तो पूड आणि पार्श्वभूमी यांच्या चमकेत फरक असेल तर, आणि पूड फक्त रेषांवर चिकटली तर. बहुतेक प्रकल्प या दोन गोष्टींवर आपटतात.

पूड काढण्याआधी वस्तू दिव्याखाली धरा

ही पायरी सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारीही हीच. अंधाऱ्या खोलीत, पूड न लावता, वस्तू आधी 365 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील टॉर्चखाली आणि मग 450 च्या आसपासच्या निळ्या दिव्याखाली पाहा. काय काय आपोआप चमकतंय ते लिहून ठेवा. पांढरा कागद आणि डिटर्जंटने धुतलेलं सुती कापड अतिनील प्रकाशात निळंशार दिसतं, कारण त्यांत ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे पांढरेपणा वाढवणारी चमकणारी रसायनं असतात. (आजी वापरायची ती नीळ वेगळी. ती फक्त रंग देते, चमकत नाही.) अशा वस्तूवर निळी चमकणारी पूड मारणं म्हणजे दुधात चुना शोधणं.

सांगलीत याहून मोठी अडचण हळदीची. मार्केट यार्डातल्या, हळदीच्या गिरणीतल्या किंवा गोदामातल्या वस्तूंवर हळदीची बारीक धूळ बसलेलीच असते. हळदीतलं कुर्कुमिन अतिनील आणि निळ्या, दोन्ही प्रकाशांत पिवळं-हिरवं चमकतं, साधारण 500 ते 550 नॅनोमीटरच्या पट्ट्यात. आपण पुढे बनवणार आहोत ती हिरवी पूडही नेमकी त्याच पट्ट्यात प्रकाश देते. त्यामुळे हळदीच्या दुकानातल्या तराजूवर हिरवी पूड मारली तर सगळा तराजूच उजळतो. तिथे निळी पूड घ्यावी आणि कॅमेऱ्यासमोर 440-450 च्या आसपासचाच प्रकाश सोडणारा अरुंद फिल्टर लावावा. गुलाल पडलेल्या वस्तूंचं गणित आणखी निराळं. काही गुलालांत रोडामाइनसारखा रंग असतो आणि तो नारिंगी चमकतो.

थोडक्यात, कोणती पूड बनवायची हे वस्तू ठरवते. खालची कृती हिरव्या पुडीची आहे, कारण छापील वेष्टनं, प्लॅस्टिक आणि काच यांवर ती सर्वांत जास्त उपयोगी पडते.

कार्बन डॉट्स: सायट्रिक आम्ल आणि युरिया

कार्बन डॉट्स म्हणजे साधारण 10 नॅनोमीटरपेक्षा लहान कार्बनी कण. ते पहिल्यांदा लक्षात आले 2004 मध्ये, कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना, कचरा म्हणून. कॅडमियमच्या क्वांटम डॉट्सची, म्हणजे तसल्याच चमकणाऱ्या नॅनोकणांची, चमक जास्त नेटकी असते, पण हवेत उडणाऱ्या पुडीत विषारी कॅडमियम घालण्याचं काही कारण नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत तर मुळीच नाही.

द्राक्षाचा रस, गूळ, हळद, कडुनिंबाचा पाला यांपासूनही कार्बन डॉट्स होतात आणि शोधनिबंधाच्या शीर्षकात ते छान दिसतात. पण तासगावच्या द्राक्षाचा या आठवड्यातला रस आणि पुढच्या आठवड्यातला रस सारखा नसतो, त्यामुळे प्रत्येक घाण्याची चमक वेगळी येते. ठसे पुन्हापुन्हा तपासायचे असतील तर प्रयोगशाळेतली शुद्ध रसायनंच घ्या.

250 मिलिलिटरच्या बोरोसिलिकेट बीकरमध्ये सायट्रिक आम्ल 3 ग्रॅम, युरिया 3 ग्रॅम आणि डिस्टिल्ड पाणी 10 मिलिलिटर घ्या. पूर्ण विरघळून द्रावण नितळ होऊ द्या. मग बीकर 750 वॉटच्या मायक्रोवेव्हमध्ये 4 ते 5 मिनिटं ठेवा. 10 मिलिलिटरला एवढा मोठा बीकर कशाला, हा प्रश्न तिसऱ्या मिनिटाला सुटतो. पाणी उडून गेलं की पाक फसफसून वर येतो आणि 50 चा बीकर असेल तर थेट काचेच्या थाळीवर सांडतो. रंग पिवळसर, मग मधासारखा, मग गडद तपकिरी होत जातो. तपकिरी झालेला पाक घट्ट फेसासारखा जमला की थांबा. काळा पडून धूर यायला लागला तर जास्त झालं. त्यातलं बरंचसं नुसतं जळकं कार्बन असतं आणि ते पाण्यात उतरत नाही.

यात अमोनियाचा उग्र वास सुटतो. मायक्रोवेव्ह फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) चालवायचा, आणि एकदा या कामाला लागला की त्यात कोणाचाही डबा गरम करायचा नाही. दारावर तसं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.

हळदीसाठी सांगितलेली निळी पूड हवी असेल तर कृती वेगळी. सायट्रिक आम्ल 1.05 ग्रॅम, इथिलीनडायअमाइन 335 मायक्रोलिटर आणि पाणी 10 मिलिलिटर टेफ्लॉन अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) 200 अंश सेल्सिअसला 5 तास ठेवायचं. भांडं दोन तृतीयांशाहून जास्त भरायचं नाही. ओव्हन बंद केल्यावर रात्रभर आपोआप थंड होऊ द्यायचं. गरम असताना झाकण सैल करणं हा जिवाशी खेळ आहे. यात गोळा होत नाही, थेट द्रावणच मिळतं; सेंट्रिफ्यूजपासून पुढच्या पायऱ्या दोन्हींना सारख्याच.

गाळणं, धुणं, मोजणं

बीकरमधला घट्ट गोळा 60 अंशांवर तासभर सुकवा. त्यातला 1 ग्रॅम 20 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, 3000 आरपीएमवर 20 मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं द्रावण 0.22 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. मग 1000 डाल्टनच्या डायलिसिस नळीत (लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या पातळ पडद्याच्या नळीत) भरून मोठ्या बीकरमधल्या डिस्टिल्ड पाण्यात 24 ते 48 तास ठेवा. बाहेरचं पाणी दर 5-6 तासांनी बदला.

डायलिसिस कंटाळवाणं असतं म्हणून ते वगळलं जातं. त्याची शिक्षा पावसाळ्यात मिळते. अभिक्रिया न होता उरलेलं सायट्रिक आम्ल आणि युरिया हवेतली ओल ओढतात. जुलैत, साताऱ्याच्या दमट हवेत, अशी पूड दोन दिवसांत चिकट होते आणि ब्रशला गोळे धरते. शिवाय अशा मिश्रणात लहान चमकणारे रेणूही तयार झालेले असतात. ते काढले नाहीत तर चमक कार्बन डॉट्सची की त्या रेणूंची, हे तुम्हालाच कळणार नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट. बोअरचं पाणी कुठेच वापरू नका, बीकर विसळायलासुद्धा. फेरिक लोह कार्बन डॉट्सची चमक मारतं. इतकं की लोह ओळखण्यासाठी याच डॉट्सचा उपयोग करतात. गंजलेला चमचा किंवा स्पॅट्युलाही याच कारणासाठी बाजूला ठेवा.

आता चमक तपासा. इथे नवखे हमखास घाबरतात. तपकिरी, दाट द्रावण टॉर्चखाली धरलं तर ते मळकट दिसतं, काठाला जेमतेम हिरवी झाक. प्रयोग फसला असं वाटतं. पण त्यातला एक थेंब 100 मिलिलिटर पाण्यात टाका आणि पुन्हा पाहा. सगळा बीकर उजळतो. दाट द्रावणात वरचे कणच सगळा प्रकाश पिऊन टाकतात आणि आतल्यांपर्यंत काही पोचत नाही.

शेवटी द्रावण किती दाट आहे ते मोजा. आधी वजन केलेल्या काचेच्या वाटीत 5 मिलिलिटर द्रावण 60 अंशांवर पूर्ण सुकवा आणि पुन्हा वजन करा. एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते कळलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

स्टार्चवर बसवणं

कार्बन डॉट्स नुसते सुकवले तर त्यांची चमक जवळजवळ विझते. कण एकमेकांना चिकटले की शोषलेली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर न पडता आपसांतच जिरते. म्हणून त्यांना एकमेकांपासून लांब बसवणारा वाहक लागतो. त्यासाठी स्टार्च उत्तम. तो पांढरा आहे, स्वस्त आहे, आणि डॉट्स त्याच्या कणांच्या पृष्ठभागाला धरून राहतात.

दुकानात मागायचं ते कॉर्नफ्लोर, म्हणजे सूप दाट करायला वापरतात तो पांढरा स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ नव्हे. कॉर्नफ्लोरचा कण साधारण 5 ते 20 मायक्रॉनचा असतो. तांदळाच्या स्टार्चचा त्याहून बारीक, 3 ते 8 मायक्रॉन. बोटावरच्या दोन रेषांमधलं अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर असतं, त्यामुळे रेषेचे फाटे आणि टोकं दाखवायला कॉर्नफ्लोर पुरेसं आहे. रेषेवरची घामाची छिद्रं दाखवायची असतील तर तांदळाचा स्टार्च घ्या. बटाट्याचा नको, त्याचे कण 100 मायक्रॉनपर्यंत जातात. एक गैरसमज इथेच काढून टाकू: डॉट नॅनो आहे म्हणून ठसा नॅनोइतका बारीक दिसत नाही. बारकावा ठरवतो तो वाहकाचा कण.

10 ग्रॅम स्टार्चला 100 मिलिग्रॅम डॉट्स, म्हणजे 1 टक्का, इथून सुरुवात करा. डॉट्सचं द्रावण पाणी घालून 30 मिलिलिटर करा, त्यात स्टार्च टाका आणि अर्धा तास खोलीच्या तापमानाला ढवळा. मग काचेच्या ट्रेमध्ये पातळ थर पसरून 40 ते 45 अंशांवर रात्रभर सुकवा. घाईत ओव्हन 70 वर नेला तर सकाळी ट्रेमध्ये कपड्यांना लावतात तसली खळ सापडेल. मक्याचा स्टार्च पाण्यात साधारण 62 अंशांपासून फुगून फुटायला लागतो.

दुसरी फसगत जाड थराची. पाणी वर आणि कडेला सरकत सुकतं आणि डॉट्सना बरोबर नेतं. सकाळी ट्रेच्या कडेला तपकिरी कडं दिसतं, चहाच्या कपात तळाशी उरतं तसं, आणि मधला भाग पांढराफटक. दिव्याखाली गंमत उलटी असते: तपकिरी कडं मंद आणि पांढरा भाग बरा. कड्यात डॉट्सची गर्दी झालेली असते. थर 2-3 मिलिमीटरपेक्षा जाड ठेवू नका आणि पहिले दोन-तीन तास दर अर्ध्या तासाने उलथा.

सुकलेली पापडी खलात हलक्या हाताने कुटा आणि 325 मेशच्या, म्हणजे सुमारे 45 मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. वजनाच्या 0.5 ते 1 टक्का फ्यूम्ड सिलिका (सिलिकाची अतिबारीक, हलकी पूड) मिसळली तर पूड मोकळी राहते. नाकाला एन-95 मास्क हवाच.

एकाच प्रमाणावर विसंबू नका. 0.2, 0.5, 1, 2 आणि 5 टक्क्यांच्या पाच लहान घाण्या करून शेजारीशेजारी दिव्याखाली ठेवा. चमक आधी वाढते आणि एका टप्प्यानंतर पुन्हा उतरते. तो टप्पा तुमच्या डॉट्सवर अवलंबून असतो, म्हणून तो तुम्हीच शोधायचा. ओळीत सहावी वाटी साध्या स्टार्चची ठेवा. स्टार्चला स्वतःची फिकट निळसर चमक असते, आणि ती वजा केल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

सरावाचे ठसे

नाक-कपाळावर बोट घासून काचेवर टेकवलं की तेलकट, जाडजूड ठसा उमटतो. त्यावर टाल्कम पावडरसुद्धा सुंदर दिसते. निम्म्याहून जास्त प्रकल्प अशाच ठशांवर उभे असतात आणि म्हणूनच ते कागदावर यशस्वी दिसतात. हात धुऊन अर्धा-एक तास नेहमीची कामं करू द्यावीत आणि मग ठसा घ्यावा. नुसत्या तळव्याच्या घामात बहुतांश पाणीच असतं, थोडं मीठ आणि अमिनो आम्लं. चिकटपणा देणारं तेल चेहऱ्यावरून, केसांवरून हाताला आलेलं असतं. आपल्याकडे रोज डोक्याला खोबरेल लावणाऱ्याचा आणि न लावणाऱ्याचा ठसा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दोन्ही प्रकारचे लोक घ्या.

एकाच बोटाचे सलग दहा ठसे घ्या, मध्ये बोट न घासता. दहावा ठसा पहिल्यापेक्षा बराच फिका असतो. तुमची पूड सातव्यापर्यंत पोचते आणि बाजारातली चौथ्यापर्यंत, असं काही हाती आलं तरच सांगण्यासारखं आहे. प्रत्येक ठसा मधोमध विभागा: अर्ध्यावर तुमची पूड, अर्ध्यावर नेहमीची. ब्रिटनच्या गृहखात्याच्या तज्ज्ञांनी रूढ केलेली 0 ते 4 गुणांची पद्धत वापरा: 0 म्हणजे काहीच नाही, 4 म्हणजे संपूर्ण ठसा सलग रेषांसह. गुण देणाऱ्याला कोणती पूड कुठे आहे हे माहीत नसावं. ठसे 1 दिवसाचे, 1 आठवड्याचे आणि 1 महिन्याचे असे तिन्ही हवेत.

पावडर मारणं

खारीच्या केसांचा किंवा काचतंतूंचा मऊ ब्रश घ्या. या पुडीसाठी तो वेगळा ठेवा, कारण काळ्या पावडरीचा एक कणही चमक खातो. थोडी पूड कागदावर घ्या, ब्रशच्या टोकाला जेमतेम लावा, बोटाने टिचकी मारून जास्तीची झाडा. वजन न देता, ब्रश नुसता तरंगवत फिरवा. रेषा दिसू लागल्या की त्यांच्याच वळणाने जा. लहानपणी बोटांवर शंख किती, चक्र किती मोजायचो, ते इथे उपयोगी पडतं. शंखाला शंखाच्या वळणाने, चक्राला गोल.

पूड जास्त झाली की रेषांमधले चर भरतात आणि ठशाच्या जागी चमकणारा डाग उरतो. हे काम अंधारात, टॉर्चखालीच करावं, म्हणजे नेमकं कुठे थांबायचं ते दिसतं. जास्तीची पूड रबरी फुग्याने फुंकून काढा, तोंडाने फुंकू नका. लाळेची ओल ठसा मारतेच, शिवाय त्यात तुमचा डीएनए जातो.

एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा जुन्या ठशातलं पाणी उडून गेलेलं असतं आणि पूड चिकटतच नाही. अशा वेळी पूड बदलून उपयोग नाही. वस्तू आधी बंद पेटीत, 80 टक्के आर्द्रतेत सायनोॲक्रिलेटच्या (सुपरग्लूच्या) वाफेत ठेवा. ठशावर पांढरा कडक थर बसतो, आणि मग त्यावर पूड मारा. कृष्णेच्या पुरातून काढलेल्या वस्तूचं उलटं. ती ओली आहे तोवर ही पूड वापरू नका. डॉट्स पाण्यात विरघळतात आणि सगळीकडे पसरतात. ओल्या वस्तूला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं स्मॉल पार्टिकल रिएजंट, म्हणजे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेलं मिश्रण आहे. पाण्यात मीठ आणि अमिनो आम्लं वाहून जातात, तेलकट अंश उरतो, आणि ते रिएजंट नेमकं त्यालाच धरतं. साध्या कागदावरही पुडीचा हट्ट नको. कागद घाम आत ओढून घेतो, तिथे अमिनो आम्लांना जांभळा रंग देणारं निनहायड्रिनच चालतं.

फोटो

ठसा टेपवर उचलण्याआधी फोटो. नेहमीच. टेप एकदाच लावता येते.

हिरव्या पुडीला निळा दिवा आणि कॅमेऱ्यासमोर पिवळा-नारिंगी लाँगपास फिल्टर, 500 ते 530 नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश सोडणारा. फिल्टर नसेल तर दिव्याचाच निळा प्रकाश परत येऊन सगळं धुरकट करतो. अतिनील टॉर्च घेताना लेबल वाचा. स्वस्तात मिळतात त्या बहुतेक 395 च्या असतात आणि त्यांचा जांभळा प्रकाश डोळ्याला स्पष्ट दिसतो. काळा फिल्टर बसवलेली 365 ची हवी. डोळ्याला अतिनील-रोधक चष्मा.

कॅमेरा तिकाटण्यावर, पृष्ठभागाला बरोबर काटकोनात. आयएसओ 100 किंवा 200, छिद्र एफ/8, वेळ 2 ते 10 सेकंद, रॉ फॉरमॅट, आणि शटरला हात न लावता टायमर. मूळ आकारात इंचाला 1000 पिक्सेल भरतील इतकं जवळ जा. एफ/8 लाही उभट डब्याचा कडेचा भाग फोकसबाहेर जातो. तो डबा थोडाथोडा फिरवत तीन-चार फोटोंत घ्या. मोजपट्टी चमकत नसल्याने अंधारात गायब होते, म्हणून काहीही न हलवता दुसरा फोटो साध्या मंद उजेडात काढा. मोबाइलवर काढायचं असेल तर फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक करा, नाहीतर फोन अंधार पाहून स्वतःच उजेड वाढवतो आणि रेषा फाटतात.

उचलण्यासाठी काळा जिलेटिन लिफ्टर (ठसा उचलणारा जिलेटिनचा चिकट पत्रा) घ्या. पारदर्शक टेप वापरायचीच असेल तर तिचा कोरा तुकडा आधी दिव्याखाली पाहा. काही टेपांचा गोंदच चमकतो.

प्रयोगशाळेबाहेर

ही पूड सरावासाठी आणि संशोधनासाठी आहे. खऱ्या गुन्ह्याच्या जागी काय वापरायचं हे ठसेतज्ज्ञ ठरवतात. जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो 1897 साली कलकत्त्यात सुरू झालं, आणि तेव्हापासून या कामाचा आधार एकच: पद्धत आधी तपासलेली, नोंदलेली असली पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं अपेक्षित आहे. त्यामुळे नव्या पद्धतींबद्दल विचारणा वाढणार. तुमच्या पुडीखालून नंतर डीएनए काढता येतो का, ती निनहायड्रिनच्या आड येते का, हे तपासलेलं नसेल तर ती पोलिसांपुढे नेण्यात अर्थ नाही.

पूड तपकिरी बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसह, अंधारात ठेवा. बाटलीवर घाण्याचा क्रमांक, तारीख आणि टक्केवारी लिहा. आणि दिवसाचं काम संपल्यावर खोलीतले दिवे बंद करून एकदा टॉर्च सगळीकडे फिरवा: टेबलाच्या कडा, दाराची कडी, कॅमेऱ्याचं बटण, ॲप्रनची बाही. पूड जिथे जिथे गेली आहे तिथे हिरवे ठिपके दिसतील. दाराच्या कडीवर हातमोज्याचा हिरवा छाप दिसला, तर तोच हातमोजा दुपारी कोणत्या नमुन्याला लागला होता ते वहीत शोधा आणि तो नमुना बाद करा.